समासात गेलेली गल्ली

मंगळवारी सकाळी टँकर आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला, थांबला... आणि वळून निघून गेला. आम्ही सगळ्या बाया ड्रम, कळश्या, टब मांडून उभ्या. नवरदेव दारावरून पुढं गेल्यावर कसं होईल, तसं तोंड झालं आमचं.

हर्सूलच्या पुढं आमची नवी कॉलनी. प्लॉट पडले, घरं उठली, गल्ल्यांना नंबर मिळाले... पाइपलाइन तेवढी यायची राहिली. त्यात यंदा पावसानं दगा दिला, बोअर नुसती हवा फेकते. टँकर आला तर आंघोळ, नाय तर पावडर.

मी पळत जाऊन ड्रायव्हरला गाठलं. तो म्हणाला, "मावशी, चार्टमधी तुमची गल्लीच नाय."

चार्ट म्हणजे किराणा दुकानाच्या भिंतीवर या आठवड्यापासून लावलेला कागद. कोणत्या वारी कोणत्या गल्लीत टँकर, ते त्यावर... वर आडव्या ओळीत गल्ल्या, खाली वार. बघते तर पहिली गल्ली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी... आणि कागद संपला. आमची सहावी कुणीतरी कात्रीनं कापून नेल्यासारखी गायब.

माझा संशय सरळ सेक्रेटरीवर. देशपांडे भाऊजी, कचेरीतून रिटायर झालेले, चार्ट तेच छापतात. मागच्या मीटिंगला मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "भाऊजी, पाण्याची एवढी टंचाई म्हणता, मग मिशीचा कलप कशात कालवता?" सगळे हसले. मिशी तेवढी हसली नाय.

म्हणजे हा मिशीचा सूड! आणि सहाव्या गल्लीत तरी कोण मोठं माणूस राहतं? मी एकटी बाई, दोन-चार भाडेकरू, आणि शेजारच्या शबाना भाभी. त्यांची लेक बाळंतपणाला आलेली, बाळ अजून मुठी उघडायला शिकलं नाय. भाभींच्या घरात शेवटची अर्धी बादली. मला म्हणाल्या, "खाला, बच्चे के लंगोटां कायसे धोना जी?"

मग काय, चार्ट भिंतीवरून काढला आणि पदर खोचून भाऊजींच्या दारात. दारावर पण एक कागद... 'चपला बाहेर काढाव्यात'. काढल्या. भांडायला आलं तरी रीत पाळावी.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, सहावी गल्ली आहे त्यात!" कॉम्प्युटर उघडून दाखवली. होती खरंच... पण मी आत येईपर्यंत घुसडली असेल तर? माणूस कचेरीत उभं आयुष्य काढून आलेला, त्यांचा काय भरवसा.

"माझ्यासमोर छापा," मी म्हणाले.

प्रिंटर खाकरला, कागद आला. पाच गल्ल्या. "बघा!" मी ओरडलेच. तेवढ्यात प्रिंटरनं अजून एक कागद बाहेर टाकला. भाऊजींनी तो न बघताच बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवला. म्हणाले, "ते एक कोरं जादा येतंच. मशीनला खोड आहे."

मी झडप घातली. कोरं कसलं... डाव्या कडेला एकच बारीक पट्टी, वर 'गल्ली ६'. बाकी पानभर माळरान. आमच्या अख्ख्या गल्लीला वेगळ्या कागदावर हद्दपार केलेलं!

मग डोक्यात आलं... पहिल्या वेळचं असलंच पान कुठं गेलं? उठले, दारावरचा 'चपला बाहेर काढाव्यात' उलटा केला. मागं आमची गल्ली. म्हणजे इतके दिवस आमच्या पाण्याच्या पाठीवर ह्यांच्या चपला!

भाऊजी मिशीपर्यंत लाल झाले. पण माणूस उठून बसला कामाला. आधी म्हणाले, "लँडस्केप करतो, म्हणजे पान आडवं." पान आडवं केलं तर सहावी गल्ली आली, पण रविवार खाली पडला. अक्षरं मोठी ठेवली होती म्हणे, ड्रायव्हरला लांबून दिसावीत म्हणून. मी म्हणाले, "आता आमचा रविवार पण नेता का?"

पान पुन्हा उभं केलं. मग म्हणाले, "थांबा, मार्जिन कमी करतो."

माझे कान टवकारले. "कुणाचं मार्जिन? टँकरवाल्याचं? त्यात तुमचं किती?"

"अहो, कागदाच्या कडेला जी जागा सोडतात ना मोकळी, ते मार्जिन!"

"अगं बाई... मग समास म्हणा की सरळ!"

आमच्या अजिंठ्याकडच्या शाळेत गुरुजी रोज वह्या बघायचे. समास सोडला नाय तर हातावर पट्टी बसायची. इथं उलटंच... समास लई सोडला म्हणून गल्ली सुटली. दोन्हीकडून समास आवळला, तशी सहावी गल्ली गपचूप पाचवीच्या शेजारी येऊन बसली.

मी बोट ठेवून सहा गल्ल्या मोजल्या. मग सोमवार ते रविवार मोजलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, आता तरी पटलं?" मी म्हणाले, "टँकर आल्यावर पटेल."

भाऊजींनी तिथूनच ड्रायव्हरला फोन लावला. संध्याकाळी स्वतः टँकरच्या पुढं चालत आमच्या गल्लीत आले, मिरवणुकीतल्या बँडवाल्यासारखे. पहिला पाइप शबाना भाभींच्या ड्रममधी सोडला. अंधार पडायच्या आत त्यांच्या दोरीवर लंगोटांची रांग लागली... ती पण मी कडेपर्यंत बघितली, एखादं सुटलं तर नाय ना.

भाऊजी, तुम्ही हे वाचणार, माहीत आहे मला. चूक कळल्यावर घरात बसला नाय, चालत आलात, त्याचे मनापासून आभार. तुमच्यावरचा संशय मी मागं घेतला...

सगळा नाय. कडेला समासापुरता ठेवलाय.