कापलेली दावी

गोरेगावात आमच्या बिल्डिंगच्या मागे अजून एक तबेला टिकून आहे. सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये शेणाच्या वासावरून भांडण होतं आणि भांडणारे तेच लोक सकाळी तिथलंच दूध घेतात. मीही घेते. माझी गॅलरी थेट गोठ्यावर उघडते, त्यामुळे शेजारणींपेक्षा मला म्हशींचीच खबर जास्त.

मागच्या पावसाळ्यात भर दुपारी नाला फुगला आणि गोठ्यात पाणी शिरलं. तबेलेवाला कोयता घेऊन छातीभर पाण्यात उतरला. एकेका म्हशीजवळ जायचा, दावं कापायचा आणि तिला रस्त्याकडे ढकलायचा. मी वरून ओरडत होते, "अरे, आधी तू वर ये रे!" तो कसला ऐकतोय! बाकी सगळ्या म्हशी रस्त्यावर चढल्या, पण तीन नाल्याच्या ओढीत सापडल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुलाखाली अडकलेल्या मिळाल्या.

सरकारी मदत मिळायची तर पंचनामा हवा, म्हणून तलाठी आले. पंच म्हणून शेजारपाजारचं कोणीतरी लागणार होतं. सोसायटीतलं कोणी खाली उतरेना. मी उतरले, आणि जिना उतरताना स्वतःवर भलतीच खूश होते.

तलाठी समजूतदार वाटले. "पुराच्या पाण्यात बुडून मृत्यू, असं लिहितो," ते म्हणाले. "तुम्ही पाहिलंत ना, ताई?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण माझ्या तोंडाला लगाम कुठला! "पाहिलं म्हणजे काय! जिवावर उदार होऊन यानं एकेकीचं दावं कापलं. दुसरा कोणी असता तर पळून गेला असता."

तलाठ्यांचं पेन थांबलं. "म्हणजे जनावरं यानं स्वतःच सोडली?"

"मग! मी डोळ्यांनी बघितलंय."

तबेलेवाला माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघून कौतुकानं हसले. तो हसला नाही.

मदत नामंजूर झाली. म्हशी पुरामुळे नाही, मालकानं सोडल्यामुळे वाहून गेल्या म्हणे! मी तणतणत कचेरीत गेले. सोडल्या नसत्या तर सगळ्याच मेल्या असत्या, एवढी साधी गोष्ट कळत नाही का, म्हणून भांडले. "पण ताई, तुम्हीच तर सांगितलंत," टेबलापलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला.

मी तबेल्यात जाऊन माफी मागितली. "जाऊ द्या ना मावशी, जे झालं तेच बोललात," तो म्हणाला आणि रोजच्यासारखं मापावर थोडं दूध वरून घातलं. त्यानं चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. गोठ्यातल्या त्या तीन रिकाम्या जागा गॅलरीतून दिसतात. सकाळचा चहा मी आता आतल्या खोलीत घेते.

यंदा पावसाच्या तोंडावर गोठ्यातून वेगळाच खणखणाट ऐकू यायला लागला. खाली जाऊन पाहिलं, तर दावी गेली होती. प्रत्येक म्हशीच्या गळ्यात जाड लोखंडी साखळी.

"अरे, पाणी भरलं तर? या कापणार कशा?"

तो म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"कापायच्या नाहीतच, मावशी," तो म्हणाला. "आता तुम्ही खरं सांगितलंत तरी चालेल."