सव्वा किलोचा टोप

जी वस्तू केज तालुक्यात कुणी पाहिली नव्हती, कुणाला नको होती आणि कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती, तिची जगात सगळ्यात जास्त काळजी कुणी वाहिली असेल, तर ती आमच्या साडूंनी. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. केजच्या बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानामागंच घर. आंदणाच्या भांड्यांवर नावं घालायचं काम ते स्वतः करत. ती करकर वाजणारी मशीन हातात धरून, नाक ताटाला टेकवून ते असं देखणं अक्षर काढत की त्या ताटात आमटी वाढताना बाया दोन घटका थांबत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा, कानावर पेन्सिल. असा माणूस बघून कुणीही म्हणावं, याला फार तर स्टीलच्या भावाची काळजी असेल. साडूंना काळजी होती ती जपान-अमेरिकेतल्या कंपन्यांची. या कंपन्या डोक्यात घालायचा एक टोप बनवत होत्या. तो घातला की समोर वेगळंच जग दिसतं आणि आपण मान वळवली की ते जगही वळतं, असं काहीतरी. 'असं काहीतरी' म्हणतो, कारण मला ते नीट असं कधीच कळलं नाही.

ती वर्षंच तशी होती. गावात घराघरांवरून केबलच्या वायरी लोंबायला लागल्या होत्या, चौकात टेलिफोनचं पिवळं बूथ आलं होतं, किराणा दुकानात परदेशी नावाच्या बाटल्या दिसत होत्या. रोज काहीतरी नवीन येत होतं आणि अमुक एक गोष्ट केजला येणार नाही, असं छातीठोकपणे सांगायला कुणी धजत नव्हतं. पुण्याहून आलेल्या मालाभोवती गुंडाळलेल्या रद्दीत साडूंना एका इंग्रजी कॉम्प्युटर मासिकाचं पान सापडलं. पानावर एक गोरा माणूस डोक्याला काळं खोकं बांधून, दोन्ही हात पुढं करून हवेत चाचपडत होता. साडूंना वाटलं, याला मदतीची गरज आहे. ते पान घेऊन शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे गेले. सरांनी वाचून मराठीत सांगितलं आणि त्या दिवसापासून साडूंचं दुकानावरचं लक्ष जे उडालं, ते उडालंच.

मग ते मासिक दर महिन्याला पुण्याच्या एसटीच्या ड्रायव्हरबरोबर यायला लागलं. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, वीज गेलेली असायची. मी तहसील कचेरीतून चहाच्या निमित्तानं सटकायचो, सर मधल्या सुट्टीत यायचे आणि पितळी घागरींच्या मधोमध आमची बैठक बसायची. सर वाचत, साडू प्रश्न विचारत आणि मी गोंधळत असे. गोंधळाची सुरुवात पहिल्याच दिवशी झाली. सर म्हणाले, "या टोपाचं वैशिष्ट्य म्हणजे त्यात खोली दिसते." मी आठवडाभर हेच धरून चाललो की टोप घातल्यावर कुणाची तरी खोली दिसते. परक्याच्या खोलीत असं डोकावणं बरं नव्हे, असं मी एकदा बोललोही. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग ही खोली म्हणजे विहिरीला असते तसली, असं त्यांनी समजावलं. त्यावर टोपात विहीर कशाला, हा माझा प्रश्न मी गिळून टाकला.

साडूंचं तसं नव्हतं. त्यांना त्यातलं सगळं कळत असे, निदान कळत नसलेल्या गोष्टींचं त्यांना भय नसे. कुठल्या कंपनीचा टोप पुढे गेला, कुणाचा मागं पडला, कुठला खेळ कुणी काढला, हे ते घरातल्या सोयरिकीसारखं बोलत. एका जपानी कंपनीनं टोप बाजारातून मागं घेतल्याची बातमी आली, लोकांची डोकी दुखत होती म्हणून. साडू दोन दिवस नीट जेवले नाहीत. "लई घाई केली त्यांनी," ते म्हणाले. "थोडं थांबायला पायजे हुतं. आता दुसऱ्याचीबी हिंमत खचंल." मी म्हणालो, जपानचं जपान बघून घेईल. तर म्हणाले, "साडभाऊ, तुमाला त्यांची कळकळ न्हाई."

टोपाचं वजन सव्वा किलो असतं, हे वाचल्यावर मात्र ते अस्वस्थ झाले. वजन हा त्यांच्या आयुष्यभराचा विषय. एवढं वजन मान कशी धरणार, हा विचार त्यांना सोडेना. शेवटी त्यांनी तराजूवर बरोबर सव्वा किलोचं एक भगुनं निवडलं, आत टॉवेलाची घडी ठेवली आणि मानेला सवय व्हावी म्हणून ते डोक्यावर घालून रोज तासभर गल्ल्यावर बसायला लागले. गिऱ्हाइकाशी बोलताना ते काढायचं त्यांना सुचत नसे. शिरूर कासारहून लग्नाचा बस्ता घेऊन आलेल्या एका पाव्हण्यानं अर्धा तास भांडी घेतली, एकदाही भगुन्याकडे बघितलं नाही आणि निघताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कोणत्या देवाचा नवस हाय?" पुढे गावोगाव बोलवा झाली. एक म्हातारी आली आणि म्हणाली, "ते डोस्क्यावर घालायचं भगुनं आलंय म्हणं. झाकणासकट मिळंल का?" साडूंनी तिला शांतपणे सांगितलं, "आजून निघालं न्हाई, आजी. काम चालू हाय तिकडं."

एका दुपारी सर मोठा लेख वाचत होते. उजव्या डोळ्याला एक चित्र, डाव्या डोळ्याला किंचित वेगळं चित्र, आणि मेंदू दोन्ही जोडतो तेव्हा ती खोली दिसते, असं ते सांगत गेले. सांगता सांगता त्यांचा आवाज मंदावला आणि थांबला. मीही खाली बघितलं. साडूंचा डावा डोळा लहानपणी देवीत गेला होता. तो उघडा असे, पण त्याला काही दिसत नसे. इतक्या वर्षांत आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की आम्ही तो विसरलोच होतो.  साडूंनी हातातल्या तांब्यावर अर्धवट राहिलेलं नाव पुरं केलं, फुंकर मारली आणि म्हणाले, "एका डोळ्यावर चालतंय का, हे लिहिलंय का त्याच्यात?" सरांनी पान उलटून पालटून बघितलं. लिहिलं नव्हतं.

मग सरांनी अमेरिकेतल्या एका कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं. साडूंनी मजकूर सांगितला होता: 'मी भांड्यांचा व्यापारी आहे, डोळा एक आहे, तुमच्या टोपात मला काही दिसेल का, कृपया कळवणे.' तीन महिन्यांनी उत्तर आलं. जाड, गुळगुळीत, रंगीत कागद होता. त्यावर टोप घातलेलं एक हसरं कुटुंब होतं आणि खाली चार ओळी छापील होत्या. डोळ्याबद्दल अक्षर नव्हतं. आम्ही तिघांनी महिनाभर त्या कागदात उत्तर शोधलं. सर म्हणत, सगळ्यांसाठी असं लिहिलंय, त्यात तुम्ही आलात. मी म्हणे, चित्रातल्या सगळ्यांचे डोळे झाकलेले आहेत, कुणाला किती आहेत कसं कळणार. साडू दोघांचंही ऐकून घेत आणि कागद परत कपाटात ठेवत.

त्याच सुमाराला बातमी आली की पुण्यात कॉम्प्युटरचं प्रदर्शन भरतंय आणि त्यात खराखुरा टोप लोकांच्या डोक्यावर ठेवून दाखवणार आहेत. साडूंनी त्याच संध्याकाळी जायचं ठरवलं. सरांना परीक्षेच्या कामातून सुट्टी मिळेना, म्हणून मी निघालो. निघायच्या सकाळी त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, दशम्यांची पुरचुंडी माझ्या हातात देताना मला दाराआड घेऊन म्हणाल्या, "डाक्टर काय म्हणतेत ते नीट ध्यान देऊन ऐका. यांना विचारलं तर हे सांगत न्हाईत. सोमवार धरलेत मी."

मला आधी उमगेचना. मग लख्ख कळलं. इतके महिने दुकानात डोळा, चित्र, मेंदू, पुणे, अमेरिका असं जे चाललं होतं, ते ताईंनी आतल्या खोलीतून अर्धवट ऐकलं होतं आणि त्यातून त्यांनी एवढंच काढलं होतं की यांच्या डोळ्यावर काहीतरी इलाज निघाला आहे. मी पुरचुंडी पिशवीत सारली. "विचारतो," एवढंच म्हणालो आणि एसटीत जाऊन बसलो. वाटेत आष्टीला गाडी चहाला थांबली. ऊसतोडीला निघालेल्या माणसांचे ट्रक पुढं जात होते, वर बायका-पोरं आणि भांड्यांची पोती. साडू त्या पोत्यांकडे बघून म्हणाले, "त्यातलं निम्मं माझ्या दुकानचं हाय." मला ताईंचं सांगून टाकावंसं वाटलं, पण मी चहाच पीत राहिलो.

प्रदर्शनात एवढी गर्दी होती की आम्ही दोन तास रांगेत उभे होतो. साडू मधून मधून मान डावी-उजवीकडे वळवून तयारी करत होते. आमचा नंबर आला तेव्हा टोप सांभाळणाऱ्या मुलीनं त्यांच्या कपाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "काका, तेवढं भस्म पुसाल का? काचेला लागेल." साडूंनी रुमालानं कपाळ पुसलं. माझ्या लग्नापासून इतक्या वर्षांत त्यांचं मोकळं कपाळ मी पहिल्यांदाच बघत होतो. मग ते म्हणाले, "ताई, मला डोळा एकच हाय. चालंल का?"

मुलगी गोंधळली. तिनं आपल्या साहेबांना बोलावलं. साहेब गोंधळले. त्यांनी दुसऱ्या साहेबांना बोलावलं. तिघांनी आपसात इंग्रजीत चर्चा केली. मागच्या रांगेतले लोक कुरकुरायला लागले. शेवटी मोठे साहेब म्हणाले, "काका, खरं सांगू का, हे आम्हाला अजून कुणी विचारलंच नव्हतं. बघा घालून."

त्यांनी टोप घातला. वायरीनं तो शेजारच्या कॉम्प्युटरला जोडलेला होता. पहिल्यांदा ते नुसतेच उभे राहिले. मग मान उजवीकडे गेली, हळूहळू डावीकडे आली आणि डावीकडे बराच वेळ राहिली. मग वर, खाली, पुन्हा डावीकडे. हात पुढं झाला आणि हवेत एका जागी थांबला, एखाद्या घागरीच्या काठावर ठेवावा तसा. प्रत्येकाला दोन मिनिटं होती. त्या मुलीनं घड्याळ बघितलं, पण टोप मागितला नाही.

नंतर मी घातला. मला काळ्यापांढऱ्या फरशीचं एक मैदान दिसलं, हिरवे-तांबडे खांब दिसले, पायाखालची जमीन सरकली आणि सकाळची दशमी आठवली. मी तो घाईनं काढून दिला आणि भिंतीला टेकून बसलो. साडूंनी मला पाणी आणून दिलं.

परतीच्या गाडीत मी भीत भीत विचारलं, "कसं वाटलं?" ते खिडकीतून बाहेर बघत होते. "त्याच्यात समद्यांनाच मान वळवून बघावं लागतंय," ते म्हणाले. "समोरचं सोडून कडंचं काय दिसतच न्हाई कुणाला. दोन डोळंवाल्यालाबी न्हाई. मला त्यात काय अवघड हाय? मी जन्मभर तसंच बघतोय." मग जरा वेळानं म्हणाले, "तुमाला दोन डोळ्यांनी जास्तीचं काय दिसलं?" मी खूप आठवून पाहिलं. मला मळमळ सोडून काहीच आठवेना. तसं मी सांगितलं. ते समाधानानं हसले आणि मला खिडकीची जागा दिली.

केजला पोचलो तेव्हा ताई ओट्यावरच उभ्या होत्या. त्यांनी आधी साडूंच्या पुसलेल्या कपाळाकडे बघितलं, मग डोळ्याकडे. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.  साडू म्हणाले, "कोण काय म्हणाले?" "डोळ्याचं हो. त्यासाठीच गेलता ना तुमी?"

साडू तसेच उभे राहिले. टोपातल्या सगळ्या खुब्या जाणणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरात काय समजूत झाली होती, ते त्या क्षणी कळत होतं, आणि ते कळताना मी बघत होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चपला काढायला वाकलो. मग ते म्हणाले, "मोठ्या सायबानं स्वतः बघितलं. एकावर चालतंय म्हणाले. जन्मभर काय अडचण न्हाई." ताईंनी हात जोडले, देवाच्या दिशेनं की पुण्याच्या, ते मला कळलं नाही, आणि चहा टाकायला आत गेल्या. त्या संध्याकाळी ती दोघं बेलाची पानं घेऊन महादेवाला गेली, आणि मी ओट्यावरून त्यांना पाठमोरं जाताना बघत राहिलो. ताई त्यांच्या डाव्या हाताला चालत होत्या. समोरून सायकल आली तशी ताईंनी नुसतं कोपरानं साडूंना थोडं सरकवलं. मग मला आठवत गेलं, लग्नात, बाजारात, पंगतीला, त्या नेहमी डावीकडेच असत. मी दोन्ही डोळे शाबूत असून हे कधी पाहिलं नव्हतं.

पुढे त्या टोपांचं काही खरं राहिलं नाही. मासिकातल्या बातम्या आटत गेल्या, एकेक कंपनी तो नाद सोडत गेली, सरांची बदली झाली. साडू कुणाला दोष देत नसत. "निघंल परत," एवढंच म्हणत आणि ताटावर नाव घालायला घेत. वर्षभरात माझीही आष्टीला बदली झाली. सामान आधीच गेलं होतं. मला पोचवायला साडू स्टँडपर्यंत पायी आले. बोलता बोलता मी त्यांच्या उजवीकडून मागून वळसा घेऊन डावीकडे गेलो. ते थांबले.

"इकडं कावून आलात?"

"इकडं सावली आहे," मी म्हणालो.

दुपारचे बारा वाजले होते आणि त्या रस्त्याला एकही झाड नव्हतं. साडूंनी मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघितलं, मग वर बघितलं. "हाय खरी," ते म्हणाले, माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि चालायला लागले.