साहेबाचं तैलचित्र

माझा मामा कुत्र्यांची चित्रं काढायचा. म्हणजे मेलेल्या कुत्र्यांची. लोक फोटो आणून द्यायचे आणि मामा त्या कुत्र्याला सोफ्यावरून उठवून टेकडीवर, ओढ्याकाठी, हिरव्यागार माळावर नेऊन बसवायचा. जन्मात कधी जिना न उतरलेलं कुत्रं चित्रात डोंगर पालथे घालायचं. मालक डोळे पुसत चित्र घेऊन गेले की मामा मला म्हणायचा, "बघ, हा मेल्यावर सहलीला निघाला."

त्याची पद्धत ठरलेली होती. आधी आकाश, मग डोंगर, मग गवत. ते पुरतं वाळलं की त्यावर कुत्रं. ओल्या गवतावर रंगवलं तर हिरवा रंग केसांत मिसळतो आणि कुत्रं शेवाळल्यासारखं दिसतं. मग कुत्र्याचेही थर. आधी अंग, ते वाळलं की केस, आणि डोळे सगळ्यात शेवटी. तैलरंगाला घाई चालत नाही, हे त्याचं वाक्य मामीनं इतक्यांदा ऐकलं होतं की डाळ शिजेना तेव्हा तीही तेच म्हणायची.

मामाच्या घरातल्या कुत्र्याचं नाव साहेब. कोणीही आलं तरी जागचा उठायचा नाही, म्हणून. म्हातारपणी त्याच्या मागच्या पायात गाठ झाली आणि त्याला खरोखरच उठता येईना. जनावरांचे डॉक्टर घरी येऊन बघून गेले. म्हणाले, "हाडात गेलंय. इंजेक्शन देऊन सोडवा बिचाऱ्याला. सांगाल तेव्हा येतो."

"थोडं थांबा," मामा म्हणाला. "मी त्याला रंगवतोय."

मला वाटलं, दुःखानं काहीतरी बोलतोय. कसलं काय! आयुष्यभर फोटो बघून चित्रं काढली, आता एकदा तरी जिवंत कुत्र्यासमोर बसून काढायचं, असं त्यानं मनात घेतलं होतं. "आणि हा आयताच हलत नाहीये," असंही म्हणाला. त्याचा मला आजही राग येतो.

हवा दमट होती. गवत वाळेना. मामानं कॅनव्हासजवळ बल्ब लावून ठेवला. रोज सकाळी तो गवताला बोट लावून बघायचा, आणि बोट हिरवं झालं की मुकाट्यानं चिंधीला पुसायचा. टेबलाखाली साहेब कण्हत पडलेला असायचा. मामी ओलं फडकं त्याच्या तोंडात पिळायची, त्याचं अंग पुसायची.

"अहो, फोटो काढून ठेवा आणि सोडवा त्याला."

"फोटोत जीव नसतो."

"याच्यात तरी कुठं उरलाय?"

एकदा तिनं स्वतःच डॉक्टरांना फोन लावला, तर मामानं तिच्या हातातून तो काढून घेतला. मी म्हणाले, "मामा, हा छळ आहे." तर माझ्यावरच खेकसला, "तुला काय कळतंय यातलं?" त्या दिवसापासून मामीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची आणि साहेबापाशी जाऊन बसायची.

अखेर गवत वाळलं, अंग आणि केस झाले आणि डोळ्यांची पाळी आली. मामा साहेबासमोर जमिनीवर बसला आणि दुपारभर तिथून हलला नाही. साहेबही त्याच्याकडेच बघत होता. चित्र पुरं झाल्यावर मामानं स्वतः डॉक्टरांना बोलावलं. सुई टोचली तेव्हा साहेबानं हूं की चूं केलं नाही. मामीच्या मांडीवर त्याचं डोकं जड झालं, एवढंच.

डॉक्टर त्याला घेऊन गेल्यावर मामानं चित्र भिंतीला टेकवलं आणि लांब उभं राहून पाहिलं. माळ सुरेख उतरला होता. गवताचं पातं न् पातं सुटं दिसत होतं. आणि त्या गवतात बसून साहेब सरळ आमच्याकडे बघत होता. फोटोतल्या कुत्र्यांना मामा हटकून थोडं खूश करायचा. इथं मात्र समोर दिसलं तेच त्यानं काढलं होतं. ते डोळे काय मागताहेत हे लहान पोरालाही कळलं असतं. मला तर बघवेना.

डोळ्यांचा रंग ओला होता. पुसून पुन्हा काढता आले असते. मामानं चिंधी उचलली, पण हात पुढे होईना.

"हा असा बघत होता?" त्यानं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," मामी म्हणाली. "तुम्ही गवत वाळायची वाट बघत होतात."