वाढव गो आवाज

काकींच्या घरात काही क्रियापदांना बंदी होती. त्यांच्याकडे तांदूळ कधी संपत नसत, ते फक्त 'आणायचे' होत. दिवा कधी विझत नसे, त्याला निरोप दिला जाई. बाहेर पडताना चुकून 'जाते' म्हटलं की त्या उंबऱ्यावरून मागे बोलावत आणि 'येते' म्हणवून घेतल्याशिवाय सोडत नसत. मी शाळेत मराठी शिकवणारी बाई. दिवसभर पोरांच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी घरी आलं की काकींनी माझ्या काढायच्या, असा आमचा क्रम होता. मी एकदा सहज म्हणाले, "काकी, मीठ संपलंय." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मिठाचा डबाच चुलीत घातला असावा.

"आनायचं झालंय म्हन."

"पण संपलंय म्हणूनच आणायचं ना?"

"त्ये मला म्हाईत हाय. मिठाला कशाला सांगतेस?"

पोलादपूरहून येणारी एसटी जिथे वळून परत फिरते, तिथून वर चढण चढलं की आमची वाडी. निम्म्या घरांना कुलपं, कारण माणसं मुंबईत. नोकरीची पहिली काही वर्षं मी काकींच्या पडवीतल्या खोलीत काढली. भाडेकरू म्हणून गेले आणि महिन्याभरात घरातली झाले. काका जन्मभर मुंबईत एका उंच इमारतीत लिफ्टमन होते. लग्न झाल्यापासून ते तिकडे, काकी इकडे. गणपतीला आणि शिमग्याला काय भेट होईल तेवढीच. पुढे एक दिवस लिफ्टमध्येच काकांचं अंग लुळं पडलं. ते पडले तेव्हा हातातला फोनही पडला आणि त्याचा चुरा झाला. मुलगा महेश त्यांना गाडी करून घरी घेऊन आला. उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही. कळत सगळं होतं. डोळे बोलायचे, डावा हात बोलायचा, तोंडातून मात्र एक घोगरा सूर तेवढा निघायचा. इतक्या वर्षांनी नवरा कायमचा घरी आला तो असा. काकींनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. उलट म्हणायच्या, "आता तरी कुटं जायाचे नायत."

काकींकडे फोन होता तो महेशने वापरून टाकलेला. तो घरात आला तेव्हाच म्हातारा होता. त्यात वाडीच्या ग्रुपवरचे फुलांचे, देवांचे, कपबशीतून वाफ येणारे 'शुभ सकाळ' सगळे साठवलेले. मी एकदा म्हटलं, "काकी, एवढे कशाला ठेवलेत? पुसून टाकते." त्यांनी थेट माझ्या तोंडावर हात ठेवला.

"तो शब्द नको. सवाष्नीच्या घरात पुसत नाय कायपन."

"मग शाळेत मी फळा काय करू?"

"शाळंत काय तो कर. आनि मला सांग, सकाळच्या पारी कुनाला माझी याद आली नि त्यानं फूल धाडलं, तर ते मी भायेर टाकू?"

महाडच्या बाजारातल्या भाजीवालीपासून ते मुंबईतल्या चुलतजावेपर्यंत ज्याने ज्याने फूल धाडलं, त्याचं फूल काकींनी जपलं होतं.

त्यामुळे फोन जो काही चालायचा तो बघण्यासारखा होता. महेशच्या नावावर बोट ठेवलं की काकी फोन बाजूला ठेवून सूपभर तांदूळ निवडायला घेत. तांदूळ निवडून होत आले की पलीकडे रिंग जायला लागे. मी चिडायची, तो आपटावासा वाटायचा. काकी मात्र दुभत्या म्हशीशी बोलावं तशा त्याच्याशी बोलत. "दमलाय गो तो. जरा बसू दे." मग त्या त्याला खरंच थोडा वेळ खिडकीत वाऱ्याला ठेवत, आणि गंमत म्हणजे त्यानंतर तो थोडा बरा चालायचा. मी त्यांना समजावून सांगितलं की फोनमध्ये साठवायची जागा असते, आणि काम करायची जागा वेगळी असते. धान्याची कणगी भरून ओसंडतेय आणि पाटाही एवढासा, त्यावर एकाच वेळी चटणी, पुरण आणि डाळ वाटायची म्हटलं तर कसं व्हायचं? काकींनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मग पाटा मोठा घ्यायचा का कनगी रिकामी करायची?" मी म्हटलं, पाटा काही मोठा होत नाही, कणगीच थोडी मोकळी करावी लागेल. "भरल्या कनगीत हात घालून भायेर काढायला सांगतेस," असं म्हणून त्या उठूनच गेल्या.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण महेशला मुलगी झाली. सई. दिवेलागणीला महेशची बायको व्हिडिओ कॉल लावायची आणि काकी फोन काकांच्या डोळ्यांसमोर धरायच्या. काकांचा दिवस त्या कॉलसाठी असायचा. दुपारपासूनच त्यांची नजर खिडकीतल्या फोनवर असे. सई दिसली की डावा हात वर जाई आणि बोटं कोंबडीच्या पिल्लाला बोलवावं तशी हलत. आणि नेमका तेव्हा फोन अडकायचा. पोरीचं तोंड अर्धं उघडं, डोळे अर्धे मिटलेले, आवाज बंद. आपल्याला कळतं की चित्र थांबलंय. काकांना तेवढ्या क्षणी ते सुचत नसे. पोरीला काहीतरी झालं, असंच त्यांना वाटे. ते घोगऱ्या सुरात ओरडायचे, हाताने खाटेची पट्टी बडवायचे. काकी त्यांचा हात धरून सांगत राहायच्या, "अवो, पोरगी बरी हाय, फोन अडलाय, फोन." त्या दिवशी काका जेवायचे नाहीत.

नवा फोन आणतो, असं महेश म्हणत होता. काकींनीच त्याला थोपवलं होतं, "पोरगी तान्ही हाय, आदी तिचं बघ." महाडला नेऊन मेमरी कार्ड घालून पाहिलं, तर फोन ते घेईना. शेवटी काकी कणगीत हात घालायला तयार झाल्या. आधी फुलं गेली, मग देव गेले, मग वाडीतल्या लग्नांचे व्हिडिओ. प्रत्येक वेळी मी विचारायची आणि काकी दुसरीकडे बघत मान हलवायच्या. थोडे दिवस बरं चालायचं, मग एखादं अ‍ॅप आपोआप अंग फुगवून बसायचं आणि पुन्हा पहिले पाढे. होता होता त्या फोनमध्ये काढण्यासारखं एकच काही उरलं, आणि त्याचं नाव मी काढत नव्हते, काकीही काढत नव्हत्या.

ते काकांचं बोलणं होतं. काका मुंबईत असताना कामाची पाळी सुटल्यावर काकींना बोलून निरोप पाठवायचे. रोज एक, कधी दोन, आणि चांगले लांबलचक, कित्येक वर्षांचे. काकी दुपारी मागच्या दारी बसून, फोन कानाला चिकटवून, वरून पदर घेऊन ते ऐकत. आवाज इतका बारीक ठेवत की शेजारी बसलं तरी फक्त कुजबुज कळावी. मधूनच हसत, मधूनच "हां, मग?" असं म्हणत. आत खाटेवर काका मुके पडलेले आणि बाहेर काकी त्यांच्याशी बोलतायत, असा तो प्रकार होता. मला पहिल्यांदा तो विचित्र वाटला आणि नंतर बघवेनासा झाला.

"माझ्या फोनमध्ये घेऊन ठेवते," मी एकदा सुचवलं. "तुम्हाला हवं तेव्हा ऐका."

काकी या वयात लाजल्या. "नवराबायकोचं बोलनं गो ते. तुझ्या फोनात कशाला ऱ्हाईल?"

"मग महेशच्या?"

"आयबापाचं बोलनं पोरानं ऐकायचं? कायतरीच तुझं."

मग सई उभी राहायला लागली. आता कोणत्याही दिवशी पाऊल टाकेल, असं सून सांगत होती. एका संध्याकाळी पोर भिंतीला धरून उभी राहिली, तिने एक हात सोडला, आणि फोन अडकला. काकांनी त्या दिवशी खाट बडवली नाही. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळची पेज त्यांनी घेतली नाही, दुपारी काकींनी भरवायला नेलेला घासही डाव्या हाताने बाजूला सारला.

त्या दुपारी काकी माझ्या खोलीच्या दारात आल्या. आत न येता त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"बाय, ह्यांचा आवाज वाढव गो."

मला वाटलं, हल्ली काकींना कमी ऐकू येतंय. मी काकांचा वरचाच एक निरोप लावला आणि आवाज पूर्ण वाढवला. सगळ्या घरात काकांचा आवाज घुमला, भरदार, थोडासा घाईतला, मागे लिफ्टच्या दाराचा खडखडाट.

"जेवलीस का? मी जेवलो. आज पाचव्या माळ्यावरच्या बाईनं घावनं दिली, पन तुझ्यासारकी जाळी नाय पडली त्यांला. म्हस दूध देते ना? नि आयकलंस का, पायाला तेल लावत जा, मी नाय तिथं म्हनून टाळू नको…"

काकींनी दारातूनच हात हलवला. "अगो, असं नाय," त्या पुटपुटल्या. "वाढव म्हंजे… वाढव."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बांगडी पिचली तर फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, हे मला काय माहीत नव्हतं? पण नवऱ्याचा आवाज फोनमधून काढून टाक, असं सांगायला काकींकडे हा एकच शब्द उरला होता, हे मला कसं कळावं? मी घाईघाईने फोन बंद करायला गेले, तेवढ्यात आतून काकांचा सूर आला. नेहमीचा घोगरा नाही, बारीक. आम्ही दोघी धावलो. काकांनी तोंड भिंतीकडून आमच्याकडे फिरवलं होतं. ते माझ्या हातातल्या फोनकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. आपलंच बोलणं ते ओठांनी पुढे म्हणू पाहत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड, तेवढं अर्धं, हसत होतं.

काकी खाटेवर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याला माझ्यादेखत सरळ प्रश्न विचारला असेल. "अवो, ह्ये ठेवू? का नातीला जागा करू?"

काकांनी बराच वेळ फोनकडे पाहिलं. मग डावा हात उचलून काकींच्या गालाला लावला, आणि त्याच हाताची बोटं, पिल्लाला बोलवावं तशी, हलवली. याचा अर्थ दोघींनाही विचारावा लागला नाही.

ती दुपार आणि पुढचे कितीतरी दिवस काकांचं बोलणं मोठ्या आवाजात लागत राहिलं. मी शाळेतून आले की ओटीवर बसून वह्या तपासायची, आत ते दोघं ऐकत असायचे. लिफ्टमधली भांडणं, इमारतीतली लग्नं, म्हशीची चौकशी, तेलाची ताकीद. एकेक ऐकून झालं की काकी हाक मारायच्या, मी जायची, आणि त्या काकांकडे बघून म्हणायच्या, "वाढव." मी वाढवत गेले. मला रडू यायचं, त्यांना नाही. शेवटचा निरोप वाढवला तेव्हा काकींनी पदराने दृष्ट काढतात तसा फोन ओवाळून घेतला आणि खिडकीत ठेवला.

सई चालली ती काकांच्या डोळ्यांसमोर. आईच्या हातातून सुटून थेट फोनकडे, पडता पडता, शेवटी सगळ्या पडद्यावर नुसतं तिचं नाक. फोन एकदाही अडला नाही. काकांची बोटं हलत होती आणि काकी त्यांच्या कानाशी सांगत होत्या, "बघा, आली तुमच्याकडं." मी त्या घरात जे काही पाहिलं त्यातलं एवढं एक मला माझ्या शेवटापर्यंत पुरेल.

पुढे माझी बदली झाली आणि मी बिरवाडीत खोली घेतली. थंडीत काका वारले. दिवस झाल्यावर मी काकींना भेटायला गेले. दिवस करून मुंबईला गेलेला महेश आदल्या दिवशीच वीर स्टेशनला उतरून परत आला होता, बायकोपोरीला घेऊन. सई अंगणात कोंबड्यांमागे पळत होती. काकींचं कपाळ बघायचं धाडस मला होईना, म्हणून मी त्यांचे हातच धरून बसले. महेशने बॅगेतून नव्या फोनचा खोका काढला. आईसाठी आता तरी काही करतोय याचं समाधान त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"आये, लय मोठी मेमरी हाय ह्याची. फोटो, व्हिडिओ, कायपन ठेव. जल्मात फुल्ल व्हायचा नाय."

काकींनी फोन हातात घेतला. काचेवरून अंगठा फिरवला. पडदा रिकामा, लखलखीत होता.

"लय जागा हाय म्हनतोस," त्या म्हणाल्या. "मग घालू काय रे आता त्यात?"