मधला खटका

मामाजींनी आयुष्यात एकही काम पुरं केलं नाही. आळशी होते म्हणून नव्हे. उलट सगळ्या आसगावात त्यांच्यासारखा हातचा गुणी माणूस शोधून सापडला नसता. घरी धानाची शेती. पण खाट विणायची असो, बंडीचं चाक बसवायचं असो की छपरावर मातीचे कवेलू चढवायचे असोत, बोलावणं मामाजींनाच. मात्र खाट विणून झाली की शेवटची गाठ मोकळी. कवेलू चढवून झाले की एक भिंतीला टेकवून ठेवलेला. धानाचा रोवणा आटोपला तरी बांधाच्या कडेला हातभर चिखल रिकामाच. गाव त्यांना बाकीबुवा म्हणायचं.

ते माझे सासरे. भंडाऱ्याची मी, शाळेत शिकवणारी, सून होऊन त्या घरात आले आणि पहिल्याच पावसात त्या न चढवलेल्या कवेलूच्या जागेतून माझ्या ट्रंकेवर धार लागली. मी जरा तणतणतच कारण विचारलं.

“पुरं झालं का संपलं, बाई,” मामाजी शांतपणे म्हणाले. “जवानीत मी गोठा बांधला. शेवटचा कवेलू ठिवला अन् हात झटकले. त्याच हप्त्यात दोन्ही बैल गेले. तवापासून देवाले सांगून ठिवलं, माह्यं काम बाकी हाय, एवढ्यात येऊ नोको.”

मी तोंडाला पदर लावून हसले. ट्रंक तेवढी दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली.

माझे धाकटे दीर शंकर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. हे शंकरभाऊजी नागपूरच्या जुन्या बाजारातून एक गिटार घेऊन आले. सोबत तिची पेटी. काळं रेक्झिन, आत लाल मखमल आणि पितळेचे तीन खटके. पेटीवर त्यांनी पांढऱ्या रंगानं आपलं नाव आणि खाली ‘आसगाव’ लिहिलं. एका ऑर्केस्ट्रात ते वाजवायला जाऊ लागले. “पोरगं गिटारीपेक्षा पेटीच जास्त पुसते,” असं मामाजी ज्याला त्याला सांगायचे, तक्रारीच्या सुरात, पण डोळे हसत असायचे.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. गणपतीचे दिवस होते, वैनगंगा दोन्ही थड्या भरून चालली होती. पलीकडच्या एका गावात कार्यक्रम झाला आणि भाऊजी, घरी जातो म्हणून, एकटेच निघाले. ते घरी आले नाहीत. डोंगेवाला म्हणाला, माझ्या डोंग्यात बसले नाहीत. पोलिसांनी काठ पाहिला, आम्ही नातेवाईक पालथे घातले. पाणी उतरल्यावर काठच्या झुडपात मासे धरणाऱ्या ढिवरांना ती पेटी अडकलेली सापडली. नाव वाचून त्यांनी ती एसटीच्या टपावर टाकली आणि कंडक्टरनं आमच्या दारात उतरवली. आत गिटार नव्हती. गाळ होता.

पेटी दारापुढच्या सपरीत ठेवली तेव्हा घरचं कुत्रं उठून रस्त्यावर जाऊन बसलं. ओल्या कुजक्या लाकडाचा वास स्वयंपाकघरापर्यंत आला. शेजारची म्हातारी हात जोडून म्हणाली, “बाकीबुवा, नदीनं वापस केलेली चीज घरात ठिवू नोका जी. परत सोडून द्या.”

“नदीनं अर्धीच वापस केली,” मामाजी म्हणाले. “गिटार बाकी हाय. पोरगा बाकी हाय.”

सगळ्या गावाला जे अशुभ दिसलं, त्यात त्या माणसाला खूण दिसली. मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवसापासून ते पेटीला लागले. आधी गाळ वाळू दिला आणि पाण्याचा थेंब न लावता, दाढीच्या ब्रशानं तो काढला. मग उन्हात उघडी ठेवली, आत कडुनिंबाचा पाला आणि वासाला कोळसे. फुगून सुटलेल्या प्लायवूडच्या पापुद्र्यांत सरस भरला आणि वर पाटा-वरवंटा ठेवून दाबलं. माझी चटणी महिनाभर शेजारच्या पाट्यावर वाटली गेली. रेक्झिनला मोहाच्या टोरीचं तेल चोळलं, खटके चिंचेनं आणि राखेनं घासले. मखमल पार कुजली होती. सासूबाई उठल्या आणि आपलं लग्नातलं कोशाचं रेशमी लुगडं त्यांनी कापायला दिलं. ते आत बसवल्यावर पेटी इतकी देखणी दिसू लागली की मला तिची भीती वाटायची. येता-जाता मी पदर सावरून लांबून जायची. ओल आली की कोशावर आपोआप पाण्याची एक रेघ उमटे. मामाजी ती पुसत, चार दिवसांनी ती पुन्हा उमटे.

दोन खटके बसले. मधला बसवला नाही. तो आणि त्याचे दोन स्क्रू तपकिरीच्या डबीत घालून त्यांनी डबी भिंतीतल्या देवळीत ठेवली. कोणी विचारलं तर म्हणत, “शंकर आला का त्याच्यासमोर लावीन.”

त्यानंतरच्या वर्षी सासूबाईंनी अंथरूण धरलं. धान कापणीच्या दिवसांत तर त्या चमचाभर पाण्यावर आल्या. डोळे दाराकडे. गंगाजल झालं, तुळशीपत्र झालं, गोदान झालं. श्वास घरघरत होता, पण सुटत नव्हता. जमलेल्या बाया कुजबुजत, “जीव अडकला हाय माउलीचा.” कशात, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पाठीला जखमा झाल्या होत्या. मी कूस बदलायला गेले की त्या लहान लेकरासारख्या कण्हायच्या.

एका दुपारी मामाजी सपरीतून उठले. देवळीतली डबी आणि पेचकस घेतला आणि पेटी सासूबाईंच्या खाटेशी आणून ठेवली.

“मामाजी, राहू द्या,” मी म्हणाले. एरवी त्यांच्या बाकीला हसणारी मीच त्यांचा हात धरत होते.

“किती दिवस धरून ठिवू तिले?” ते म्हणाले. “माह्यी बाकी हाय म्हणून थे अडकून राहिली.”

त्यांनी दोन्ही स्क्रू पिळले. झाकण लावलं. एक खटका, दुसरा खटका आणि मग तो मधला. त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. सासूबाईंचा हात उचलून त्यांनी पेटीवर ठेवला आणि कानाशी वाकून म्हणाले, “झालं वो पुरं. जाय आता.”

दिवे लागायच्या आत सासूबाई गेल्या. मामाजी रडले नाहीत. तिरडी बांधायला माणसं जमली तेव्हा मला एवढंच म्हणाले, “आज दोघं गेले, बाई.”

पुढे जे झालं ते मला अधिक भयंकर वाटलं. मामाजी कामं पुरी करू लागले. खाटेची गाठ मारली. कवेलू चढवला. पावसाळ्यात बांधाकडचा तो हातभर चिखलही रोवून टाकला. घर पहिल्यांदाच गळेनासं झालं आणि मला झोप येईनाशी झाली. घरात बाकी म्हणून काही उरेना.

मग मीच एक केलं. त्यांच्या सदऱ्याची वरून दुसरी गुंडी तोडून घेतली. त्यांनी अंगात घालताना तिथं बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी हसले. “तुले बी लागलं काय हे, मास्तरीणबाई?” त्यानंतर शिंप्याकडून नवा सदरा आला की मी आधी ती गुंडी तोडायची. ते तसेच उघड्या छातीनं गावभर हिंडायचे. “आमच्या सुनेनं माह्यी बाकी ठिवली हाय,” असं पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे.

अशी सात-आठ वर्षं गेली. एका उन्हाळ्यात ते फार थकले. “गुंडी लावून दे बाई,” म्हणू लागले. मी कधी म्हणे दोरा संपला, कधी सुई हरवली. “बरं, उद्या लावजो,” म्हणत ते कूस बदलायचे.

एके दिवशी मी शाळेतून आले. मामाजींच्या अंगातल्या पांढऱ्या सदऱ्याला काळ्या दोऱ्यानं, वेड्यावाकड्या टाक्यांनी गुंडी लावलेली होती. अंग गार पडलं होतं. मी तिथंच खाली बसले. तेव्हा खाटेखालची पेटी दिसली. माळ्यावरून काढलेली, तेल लावून पुसलेली. स्वतःचं सगळं पुरं करून त्या माणसानं जाण्याआधी तिचा मधला खटका उचकटून काढला होता.

डबी देवळीत होती. आत खटका आणि दोन स्क्रू. पेटी मी दर दिवाळीला पुसते, तो खटका मात्र अजून बसवलेला नाही.