मले रडाचं नव्हतं
आज लाखनी गावच्या एका दुकानात मेकअपच्या पावडरीचा वास आला अन् डोकंच सटकलं. दहावीत गॅदरिंगच्या नाटकात मी माय झाली होती, तलावात बुडालेल्या पोराची. मी ठरवलं होतं, रडाचं नाही, त्याचं मासोळ्या धराचं जाळं चुपचाप घडी करत बसाचं, कारण शेजारच्या काकूचा पोरगा गेला तवा तिले मी तसंच पाह्यलं होतं. मी तशीच बसली अन् अख्खा मंडप चूप झाला. तेवढ्यात नाटक बसवणारे सर विंगेतून ओरडले, "काहून बसून राहिली वं? माइकखाली ये, छाती बडव!" मी हललीच नाही, तं त्यांनी बाईच्या रडण्याची रेकॉर्डच लावून देली. मागून कोणी म्हणे, "बाई तं चूप हाय, मंग रडून कोण राहिलं?" सारे हासले. उतरल्यावर सर म्हणे, "नाटक पाडलं तू." मी पाडलं? आजही सर दिसले का माझ्या तोंडून नमस्कार निघत नाही.