उंदरांशी ओळख

एम.फार्मच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वाट्याला चोवीस पांढरे उंदीर आले. एका वनौषधीने स्मरणशक्ती सुधारते का, हे पाहायचं होतं. औषध द्यायचं, लाकडी भुलभुलैयात सोडायचं आणि वाट सापडायला किती वेळ लागतो ते लिहायचं. यात कुणाचा जीव घ्यावा लागणार नव्हता, म्हणूनच मी हा विषय मागून घेतला होता. इकडे बाबांच्या कारखान्याच्या वसाहतीत, पिपलानीच्या घरी, आईने स्वयंपाकघरात उंदरासाठी सापळा लावलेला आणि लेक उंदरांच्याच जोरावर पदवी घेणार, याचं बाबांना भारी हसू यायचं.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मी एकाला शेपटीला धरून उचललं. तो अधांतरी वळला आणि अंगठ्याला कडकडून चावला. मी किंचाळले, तो परत पिंजऱ्यात पडला आणि बाकीचे एकमेकांच्या खाली दडले. ॲनिमल हाऊस सांभाळणारे चाचा धावत आले. त्यांनी आधी उंदीर तपासला.

“चाचा, खून मेरा निकल रहा है!”

“तुम्हें तो पता है कि क्या हुआ, बेटा. उस बेचारे को नहीं पता.”

मग त्यांनी माझा अंगठा नळाखाली धरून साबणाने चांगला खसाखसा धुतला आणि मला दवाखान्यात धाडलं.

पुढे प्रयोग सुरू झाले, पण उंदीर काही पळेनात. भुलभुलैयात सोडलं की कोपऱ्यात अंग चोरून बसायचे. माझ्या वहीत पानभर एकच नोंद, ‘हालचाल नाही’. माझ्या गाईड मॅडमनी वही पाहिली आणि मिटून ठेवली.

“हे औषधाचं मोजमाप नाही, ते तुला किती घाबरतात त्याचं आहे,” त्या म्हणाल्या. “पंधरा दिवस प्रयोग बंद. नुसती ओळख कर.”

मला रडूच आलं. चाचांनी स्टूल पुढे सरकवलं आणि हवेत हुंगत विचारलं, “चमेली का तेल लगाती हो ना? तुमसे पहले तुम्हारी खुशबू आ जाती है.” दुसऱ्या दिवसापासून तेल बंद. रोज सकाळी मी पिंजऱ्यात तळहात ठेवून बसायची. पाचव्या दिवशी कुणाच्या तरी मिशांनी बोटाला गुदगुल्या झाल्या. मी श्वास रोखून धरला.

कुरतडायला म्हणून चाचांनी एका पिंजऱ्यात पुठ्ठ्याची जाड नळी टाकली होती. एक उंदरीण तिच्यात शिरून बसली, तशी चाचांनी ती नळी दोन्ही हातांनी अलगद उचलून शेजारच्या पिंजऱ्यात ठेवली. उंदरीण आपली आरामात बाहेर आली.

“देखा? डोली में बैठ के गई!”

त्याच संध्याकाळी मी टी. टी. नगरच्या बाजारात गालिच्यांच्या दुकानात गेले. “कमरा कितना बड़ा है?” दुकानदाराने विचारलं. म्हटलं, गालिचा नको, तो ज्यावर गुंडाळतात ती नळी हवी. “किसके लिए?” “चूहों के लिए.” त्याने आतून भावाला हाक मारून माझं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, मग दोघांनी मिळून चार लांब नळ्या माझ्या स्कूटीला बांधून दिल्या. बाबांनी गॅलरीत पट्टी, पेन्सिल आणि करवत घेऊन त्यांचे तुकडे केले, कडा घासल्या. “कारखान्यात एवढं मोजून काम केलं असतं तर बढती मिळाली असती,” आई म्हणाली. ते तुकडे वाफेच्या यंत्रातून निर्जंतुक करून आम्ही पिंजऱ्यांत टाकले. उंदरांनी ते घरासारखे वापरले आणि खाऊसारखे खाल्लेही. गालिचेवाल्याकडे माझी फेरी मग नेमाचीच झाली.

पंधरा दिवसांनी भुलभुलैयात उतरलेला पहिला उंदीर थांबला, हुंगला आणि चालू लागला. मी आणि चाचा लहान मुलांसारखे एकमेकांकडे बघत राहिलो.

दिवाळीच्या सुमारास एकाने खाणं सोडलं. पोटाला गाठ लागत होती. पशुवैद्य म्हणाले, त्याचे हाल लांबवण्यात अर्थ नाही. त्यांनी इंजेक्शन दिलं तेव्हा तो माझ्याच हातात होता.

औषध शेवटी बेताचंच निघालं, फरक असलाच तर कणभर. मॅडम म्हणाल्या, खरं आलंय ना, मग तेच लिही. उरलेल्या तेवीस उंदरांना प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीने ॲनिमल हाऊसमध्येच ठेवायची परवानगी दिली, नव्या मुलांना प्राणी हाताळायला शिकवण्यासाठी. ते तास मॅडमनी माझ्याकडेच सोपवले. पहिल्या तासाला एक मुलगी डोळे घट्ट मिटूनच आली होती. तिच्या ओंजळीत मी एक म्हातारा, जाडजूड उंदीर ठेवला, तर तो तिथेच झोपी गेला. तास संपला, घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, तरी ती जागची हलेना.

“मॅम,” ती कुजबुजली, “इसको उठाऊँ कैसे?”

मी दुसरं स्टूल ओढलं आणि तिच्याजवळ बसले.